दर पावसाळ्यात अडकणारे ड्रॉवर: शिवणकामाच्या सागवानी कपाटाचं दुखणं

जुलै लागला की माझ्या शिवणकामाच्या कपाटाचे खालचे तीन ड्रॉवर अडकायचे. मूठ धरून ओढलं की आधी एक कोपरा पुढे यायचा, मग करकर आवाज करत दुसरा. ऑगस्टमध्ये तर पाय कपाटाला लावून ओढावं लागायचं. आणि मे महिन्यात, लग्नसराईची ब्लाउजं शिवायला बसले की तेच ड्रॉवर सैल होऊन पुढे झुकायचे. सलग चार वर्षं हे चाललं. दरवर्षी मी दुरुस्ती केली आणि दरवर्षी दुखणं परत आलं.

लाकूड खराब होतं म्हणून किंवा माझे सांधे चुकले म्हणून हे होत नव्हतं. फट चुकीच्या जागी ठेवली होती आणि दुरुस्ती चुकीच्या महिन्यात करत होते. ज्यांनी हौसेनं असं कपाट स्वतः बनवलंय किंवा बनवून घेतलंय आणि ज्यांचे ड्रॉवर पावसाळ्यात दगा देतात, त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून काढते आहे.

कपाट कसं आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढची मापं कळतील. रुंदी दोन फूट, उंची पावणेतीन फूट, खोली ४०० मिमी. सगळ्यात वर ६० मिमी उंचीचे तीन छोटे ड्रॉवर शेजारी शेजारी: एकात बॉबिन आणि सुया, एकात बटणं, एकात हुक आणि टिचबटणं. त्याखाली ९० मिमीचे दोन, त्यांत दोऱ्याची रिळं उभी राहतात. त्याखाली पूर्ण रुंदीचे तीन: १२० मिमीचा लेस आणि फॉलसाठी, १५० मिमीचा अस्तराच्या कापडासाठी आणि १८० मिमीचा गिऱ्हाइकांनी दिलेल्या ब्लाउजपीससाठी. लाकूड सासरच्या, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराचं. घर पाडलं तेव्हा निघालेल्या तुळया आणि दारं नागपुरातल्याच लकडगंजच्या आरामशीनवर चिरून घेतली. सगळे ड्रॉवर लाकडी पट्ट्यांवरच सरकतात, लोखंडी चॅनेल नाही.

चार वर्षांत मी काय काय केलं, तेही सांगते. यातलं निम्मं तुम्हीही केलं असेल.

पहिल्या वर्षी जूनच्या शेवटी पहिला ड्रॉवर अडकला. लगेच रंधा काढला आणि वरचा काठ थोडा उतरवला. चालू लागला. पंधरा दिवसांनी पुन्हा अडकला. आता बाजूच्या फळ्या तासल्या, दोन्हीकडून. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात ड्रॉवर डुगडुगतो म्हणून खालच्या पट्टीवर सनमायकाचा तुकडा चिकटवून त्याला वर उचललं. छान बसला. जुलैत साहजिकच ठप्प झाला. मग सनमायका काढला, पुन्हा तासलं. तिसऱ्या वर्षी मशीनचं तेल पट्ट्यांवर सोडलं. हे सगळ्यात वाईट. तेल लाकडात मुरलं, कापडाचे रेशे त्यावर बसले, काळपट चिकटा तयार झाला आणि एका गिऱ्हाइकाच्या फिक्या गुलाबी ब्लाउजपीसला डाग पडला. तो पीस मी भरून दिला. लाकडावर लाकूड सरकतं तिथे तेल कधीही नको.

माझी समजूत अशी होती की खालच्या ड्रॉवरना फरशीची ओल लागते. वरचे पाच कधीच अडकत नव्हते, खालचे तीनच अडकत होते, म्हणजे ओल खालूनच येत असणार. म्हणून पायांखाली रबर लावलं, पाठीमागे प्लास्टिक लावलं. काही उपयोग झाला नाही.

चौथ्या वर्षी ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. ते पोळ्याच्या आधी मिळणं कठीण, कारण तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे लाकडी नंदीबैल करण्यात गुंतलेले असतात. पोळा झाल्यावर आले. त्यांनी ड्रॉवर ओढून पाहिला नाही. आधी विचारलं, "ताई, हे कोन्या महिन्यात बनवलं?"

"मे महिन्यात, काका. लग्नसराईच्या आधी हवं होतं."

"मंग बराबर आहे. उन्हाळ्यात घट्ट बसवलं नं तुमी. आन हे बाजूनं काहून छिलून रायल्या? बाजूनं ते फुगतच नाई."

बाजूनं ते फुगतच नाही. त्यांच्या या एका वाक्यावर पुढची सगळी दुरुस्ती उभी आहे.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते सगळ्या दिशांना सारखं फुगत नाही. रेषेच्या लांबीत, म्हणजे झाड जसं उभं वाढलं त्या दिशेत, फरक इतका कमी की घरगुती कामात तो नाही असंच धरायचं. फरक पडतो तो फळीच्या रुंदीत. ड्रॉवरची बाजूची फळी आपण आडवी लावतो, तिची रेष पुढून मागे जाते. त्यामुळे ड्रॉवरची खोली बदलत नाही. पुढच्या फळीची रेष डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे ड्रॉवरची रुंदीही बदलत नाही. बदलते ती फक्त उंची. आणि ज्या चौकटीत तो सरकतो तिच्या उभ्या फळ्यांची रेष वरखाली असते, म्हणजे चौकटीची उंची बाराही महिने तेवढीच. ड्रॉवर उंच होतो, चौकट तेवढीच राहते. पावसाळ्यात अडकण्याचं मूळ इथे आहे.

म्हणूनच खालचे तीन अडकत होते. ते खाली आहेत म्हणून नाही, उंच आहेत म्हणून. ६० मिमीचा ड्रॉवर जेवढा फुगतो त्याच्या तिप्पट १८० मिमीचा फुगतो. तुमच्या कपाटात कमी उंचीचे ड्रॉवर सुरळीत आणि जास्त उंचीचे अडकलेले असतील, तर बाकी काही तपासायच्या आधी हेच धरून चाला.

आता किती फुगतो ते. सागवान ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत साधारण ५.८ टक्के आकसतं, पण फळी आडव्या कापाची असेल तर, म्हणजे तिच्या कापलेल्या टोकावर वर्षवलयांच्या रेघा आडव्या निजलेल्या असतील तर. उभ्या कापाची असेल, म्हणजे त्या रेघा उभ्या असतील, तर जेमतेम अडीच टक्के. लाकडातली ओल ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर हे आकसणं सुरू होतं, म्हणजे ओलीच्या प्रत्येक टक्क्यामागे आडव्या कापाच्या फळीत जवळपास ०.१९ टक्के फरक. नागपुरात मे आणि ऑगस्ट यांच्यात लाकडातली ओल किती बदलते ते मी स्वतः मोजलं. त्याच तुळईतून उरलेला तळहाताएवढा तुकडा कपाटावरच ठेवून दिला. मे अखेर त्याचं वजन १८९ ग्रॅम, ऑगस्टच्या मध्यावर २०३ ग्रॅम. नंतर तो ओव्हनमध्ये १०० अंशाच्या थोडं वर ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवला, १७८ ग्रॅम भरला. म्हणजे मेमध्ये ६ टक्के ओल, ऑगस्टमध्ये १४ टक्के. फरक ८ टक्क्यांचा.

८ टक्के गुणिले ०.१९ म्हणजे दीड टक्का. १२० मिमीच्या ड्रॉवरला १.८ मिमी, १५० ला सव्वादोन मिमी, १८० ला २.७ मिमी. सुतार इंचाचे आठ सूत करतात, एक सूत म्हणजे ३ मिमीच्या किंचित वर. माझा सगळ्यात खालचा ड्रॉवर मे ते ऑगस्ट जवळजवळ एक सूत उंच होत होता आणि मी मेमध्ये त्याला वर पाव सूतही जागा ठेवली नव्हती. दिसायला सुबक दिसावं म्हणून.

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं. त्या दिवसांतली कोरडी लू ज्यांनी अंगावर घेतली आहे, त्यांना लाकडातली ओल कुठे जाते हे सांगायला नको. आणि जूनच्या मध्यावर पाऊस लागला की महिनाभरात सगळं उलट. समुद्रकाठच्या गावात हवा वर्षभर दमट असते, तिथे लाकूड एकदा फुगलं की फारसं हलत नाही. आपल्याकडे ते दरवर्षी पूर्ण फेरी मारतं. म्हणून मुंबई-कोकणातल्या कारागिराची फट इथे पुरत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण मीही त्यावर विसंबले होते. "जुनं सागवान आहे, शंभर वर्षं मुरलेलं, आता काय फुगणार?" फुगतं. जुन्या लाकडाला पीळ कमी पडतो, भेगा नव्यानं जात नाहीत, हे खरं. पण ऋतूबरोबर ओल घेणं आणि सोडणं कधीच थांबत नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली आपल्या बल्लारशाचंच सागवान गेलं, इतकी त्याची ख्याती, आणि ख्याती मिळण्याचं एक कारण म्हणजे इतर लाकडांपेक्षा ते कमी हलतं. कमी हलतं म्हणजे हलत नाही असं नाही.

आत्ता, या क्षणी अडकलं असेल तर

ओढू नका. जोरानं ओढलं की मुठीचे स्क्रू सुटतात किंवा पुढची फळी सांध्यातून उखडते, आणि मग दुखणं दुप्पट. वरचा ड्रॉवर निघत असेल तर तो पूर्ण बाहेर काढा आणि त्या जागेतून हात घालून अडकलेल्या ड्रॉवरमधलं सामान उचलून घ्या. वजन कमी झालं की निम्म्या वेळा तो सुटतो. नाही सुटला तर कपाटाची पाठ बघा. बहुतेक कपाटांना मागे पातळ प्लाय स्क्रूंनी लावलेली असते. ती काढा आणि मागून दोन्ही तळहातांनी, दोन्ही कोपऱ्यांवर सारखा दाब देत ढकला. एका बाजूनं ढकललं तर तिरका होऊन आणखी घट्ट बसतो.

इस्त्री किंवा केस वाळवायचं यंत्र लावू नका. मी लावलं होतं. एका बाजूनं तापलेली फळी वाकते आणि वाकलेली फळी सरळ होईलच असं नाही.

कुठे घासतंय ते आधी शोधा

यासाठी लागणारं हत्यार आपल्या हाताशीच असतं: कापडावर खुणा करायचा चॉक. कपाटाचं लाकूड सागवानी असेल तर पांढरा किंवा पिवळा घ्या. ड्रॉवर रिकामा करून बाहेर काढा, त्याच्या वरच्या काठांवर, दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बाहेरून आणि खालच्या काठांवर चॉक जाडसर फिरवा. ड्रॉवर आत ढकला, तीन-चार वेळा आतबाहेर करा, काढा. जिथला चॉक पुसून लाकूड चमकतंय तिथे घासतंय.

माझ्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरचं चित्र असं होतं: वरच्या काठावर मागच्या चार इंचांत चॉक पूर्ण गेलेला, पुढच्या भागात थोडा गेलेला, बाजूंवर मात्र फक्त दोन ठिकाणी, डावीकडे पुढे आणि उजवीकडे मागे. ही तिरकी जोडी फार बोलकी आहे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर घासलं तर ड्रॉवर फुगलेला नाही, तो आत तिरका होतोय. आणि तो तिरका होत होता कारण मीच बाजू तासून तासून तिथे तीन-तीन मिमी जागा करून ठेवली होती. रुंद आणि कमी खोल ड्रॉवरला बाजूला जास्त जागा मिळाली की तो घुटमळतो, फिरतो आणि अडकतो.

म्हणजे दोन दुखणी होती, एक हवेचं आणि एक मी केलेलं, आणि दोन्हींचा आवाज एकच.

चॉकनंतर फट मोजा. सनमायकाचा नेहमीचा पत्रा १ मिमीचा असतो, प्लायच्या दुकानात नमुन्याचे तुकडे मिळतात. एक तुकडा वर सरकला तर १ मिमी, दोन सरकले तर २. अर्ध्या मिमीसाठी वहीचा पुठ्ठा दुमडून वापरा. चारही कोपऱ्यांवर मोजा आणि लिहून ठेवा, कारण चारही सारखे नसतात.

माझ्याकडे सारखे नव्हते, आणि त्याचं कारण कळायला मला बराच वेळ लागला. उन्हाळ्यात डाव्या बाजूला वर २ मिमी फट, उजव्या बाजूला ३. एकाच फळीतून काढलेल्या बाजू, मग हा फरक कसा? खोलीत बसून पाहिलं तेव्हा कळलं. खिडकीतला कूलर थेट कपाटाच्या डाव्या अंगावर येतो. लग्नसराईत मी दिवसदिवस शिवत असते, कूलर सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत चालू. बाहेर लू आणि कपाटाची डावी बाजू मात्र पावसाळ्यासारख्या ओल्या हवेत. बॉबिनशेजारच्या सुया भर मे महिन्यात गंजत होत्या त्याही याच कारणानं, आणि मी सुयांच्या दर्जाला दोष देत होते. कपाट कूलरच्या झोतातून बाजूला सरकवलं, सुयांच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकली, गंज थांबला. सुया लाकडाला टोचून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. दमट दिवसांत लोखंड आणि लाकूड एकत्र आलं की भोवती काळा डाग पडतो आणि सुई खरबरीत होते. टोचायचंच असेल तर लोकरीच्या गादीत टोचा.

रंधा कधी आणि कुठे

जूनमध्ये नाही. पहिला पाऊस पडून ड्रॉवर घट्ट होतो तेव्हा हात शिवशिवतात, पण तेव्हा लाकूड फुगायला नुकतंच लागलेलं असतं. २० मिमी जाडीच्या फळीला बाहेरच्या हवेशी जुळायला काही आठवडे लागतात. जूनमध्ये तासलं की ऑगस्टमध्ये परत तासावं लागतं, आणि दोनदा तासलं की उन्हाळ्यात नको तेवढी फट पडते.

नागपंचमीनंतर, पोळ्याच्या सुमारास, लाकूड सगळ्यात फुगलेलं असतं. तेव्हा एकदाच तासा. फक्त वरचा काठ. ड्रॉवर चौकटीत जाऊन वर अर्धा मिमी, म्हणजे वहीचा दुमडलेला पुठ्ठा जेमतेम सरकेल इतकी जागा राहिली की थांबा. ऑगस्टमध्ये अर्धा मिमी आहे म्हणजे मेमध्ये तीन मिमीच्या आसपास होणार हे लक्षात ठेवा आणि मेमध्ये त्याला हात लावू नका. उन्हाळ्यात ड्रॉवर बाहेर ओढल्यावर नाक किंचित खाली करतो. करू द्या. पट्टीखाली तुकडा भरून त्याला उचलायचा मोह झाला तर पुढच्या जुलैचं दुखणं तुम्ही आजच विकत घेताय.

जुनं लाकूड असेल तर रंध्याआधी टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक काठावरून फिरवा. तुळयांत आत तुटलेले खिळे असतात, बाहेरून दिसत नाहीत, आणि रंध्याच्या पात्याला खाच पडली की धार लावण्यात दिवस जातो. रंधा दोन्ही टोकांकडून मध्याकडे मारा, नाहीतर शेवटच्या सांध्याजवळ चिरका उडतो.

तासलेल्या काठावर लगेच पॉलिश लावू नका. दमट हवेत चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश पांढुरकं पडतं. सध्या साधी मेणबत्ती घासा, काठावर आणि पट्टीवर दोन्हीकडे. ऑक्टोबरची उष्णता गेली की, दिवाळीची गर्दी संपल्यावर, कोरड्या दिवशी पॉलिश करा. आणि पॉलिश आतूनबाहेरून सारखं करा. बहुतेक जण, मीही, बाहेरून चार हात मारतात आणि आतली बाजू कोरी सोडतात. मग ओल एकाच अंगानं शिरते आणि फळी पन्हाळीसारखी वाकते. कपाटाच्या वरच्या फळीची खालची बाजू तर हमखास राहून जाते.

आधीच बाजू तासल्या असतील तर

माझ्यासारखी चूक झालेली असेल तर ती भरून निघते. बाजूच्या फळ्यांची जाडी ऋतूनं फार बदलत नाही. १२ मिमीच्या दोन फळ्या मिळून पाव-अर्धा मिमी. म्हणून बाजूची फट बाराही महिने घट्टच हवी, प्रत्येक बाजूला अर्धा ते पाऊण मिमी. मी दोन्ही बाजूंना सागवानाच्याच पातळ पट्ट्या, रेष पुढून मागे ठेवून, फेविकॉलनं चिकटवल्या आणि रात्रभर दाबून ठेवल्या. रेष एकाच दिशेला असल्यानं पट्टी आणि फळी बरोबरच हलतात, सुटत नाहीत. नंतर हलका रंधा मारून अर्ध्या मिमीवर आणलं.

सगळ्यात खालचा ड्रॉवर तेवढ्यानंही पूर्ण सरळ चालेना, कारण तो रुंद ५६० आणि खोल जेमतेम ३५० आहे. त्याच्या तळाला मध्यभागी पुढून मागे एक खाच असलेली पट्टी लावली आणि चौकटीत तिच्यात बसणारी दुसरी पट्टी. आता तो मधल्या रुळावर चालतो, बाजूंच्या भरवशावर नाही. नवीन कपाट करत असाल तर दोन फुटांचा एक ड्रॉवर करण्यापेक्षा एक-एक फुटाचे दोन करा. खोलीपेक्षा रुंदी जास्त असलेला ड्रॉवर कुणाच्याही हातून तिरकाच चालतो.

चॅनेलवाल्यांसाठी

टेलिस्कोपिक चॅनेल असेल तर उंचीची कटकट बहुतेक मिटते, पण दुसरी येते. चॅनेलला प्रत्येक बाजूला साडेबारा ते तेरा मिमी जागा लागते. अर्धा मिमी कमी पडली तरी तो जड चालतो. कपाटाची बाजू अखंड लाकडाची असेल तर ती खोलीच्या दिशेनं फुगते. ४०० मिमीच्या आडव्या कापाच्या फळीला हा फरक ६ मिमीपर्यंत जातो आणि लोखंडी चॅनेल काही लांब होत नाही. सगळे स्क्रू घट्ट आवळले तर फळी चिरते किंवा वाकते. पुढचा स्क्रू गोल भोकात घट्ट, मागचे लांबट भोकात, थोडे सैल. चॅनेलला ती लांबट भोकं दिलेलीच असतात. लाकडी पट्ट्यांनाही हेच लागू. बाजूच्या फळीवर आडवी पट्टी पूर्ण लांबीभर फेविकॉलनं चिकटवू नका, फक्त पुढच्या दोन इंचांत चिकटवा आणि मागे लांबट भोकातून स्क्रू.

आणि शिवणकामाच्या कपाटात चॅनेल जड होण्याचं आणखी एक कारण असतं, ते दुसऱ्या कपाटांत दिसत नाही: धाग्यांचे रेशे. गोळ्यांच्या ग्रीसमध्ये ते अडकतात आणि नमद्यासारखा थर होतो. चॅनेल बाहेर काढून जुन्या टूथब्रशनं आणि रॉकेलच्या बोळ्यानं साफ करा, कोरडा होऊ द्या. वरून तेल ओतून उपयोग नाही, रेशे आणखी बसतात.

नव्यानं करत असाल तर लाकूड निवडतानाच

लकडगंजला फळ्या बघायला गेलात की फळीचं तोंड, म्हणजे कापलेलं टोक बघा. वर्षवलयांच्या रेघा रुंद बाजूला आडव्या निजलेल्या असतील तर ती जास्त फुगणारी, उभ्या असतील तर कमी. अंगावरूनही ओळखता येतं. डोंगरासारखी नक्षी म्हणजे आडवा काप, सरळ समांतर रेघा म्हणजे उभा. नक्षी सुंदर दिसते आणि आपला हात तिकडेच जातो. नक्षीदार फळी दर्शनी भागाला लावा, सरळ रेघांची ड्रॉवरच्या बाजूंना. तेवढ्यानं फुगणं निम्म्यावर येतं: १८० मिमीच्या ड्रॉवरला २.७ ऐवजी १.२ मिमी.

वरची फट दिसू नये म्हणून दर्शनी फळी वेगळी करून ड्रॉवरच्या खोक्यावर बाहेरून लावतात, चौकटीवर थोडी चढेल अशी. ही फळीही फुगतेच, म्हणून वरच्या-खालच्या दर्शनी फळ्यांमध्येही मे महिन्यात ३ मिमी अंतर ठेवा आणि तिचे स्क्रू उभ्या लांबट भोकांत घ्या.

फट ठेवण्याचा हिशेब महिन्यावर चालतो. मेमध्ये बनवताय तर १०० मिमी उंचीमागे वर २ मिमी. ऑगस्टमध्ये बनवताय तर अर्धा मिमी पुरे, कारण पुढे तो फक्त आकसणारच आहे. दिवाळीनंतर बनवताय तर मध्ये कुठेतरी, एक ते सव्वा. मला विचाराल तर उंच ड्रॉवरचं खोकं १२ मिमी प्लायचं करा आणि फक्त दर्शनी फळी सागवानी ठेवा. प्लायचे थर आडवेउभे असल्यानं ती जवळजवळ हलत नाही. पण एकाच खोक्यात बाजू प्लायच्या आणि पुढची फळी अखंड लाकडाची असं डव्हटेलनं, म्हणजे दात एकमेकांत अडकवून केलेल्या सांध्यानं, जोडू नका. एक हलतं, दुसरं नाही, सांधा उघडतो. छोट्या ड्रॉवरना मात्र मी अखंड लाकूडच वापरीन. ६० मिमीच्या बॉबिनच्या ड्रॉवरला वर्षभरात मिमीभरही फरक पडत नाही, आणि तो रोज दहा वेळा उघडताना बोटांना सागवान लागलेलं बरं वाटतं.

कपाटातल्या किड्यांसाठी डांबरगोळ्या टाकत असाल तर बटणांच्या ड्रॉवरमध्ये नको. काही प्लास्टिकची बटणं त्या वासानं मऊ आणि चिकट होतात.

माझं कपाट आता दोन पावसाळे झाले, अडकलेलं नाही. प्रत्येक ड्रॉवर उलटा करून तळाला पेन्सिलीनं मोजमाप लिहायची पद्धत ठेवली आहे, पुढच्या वेळी रंधा हातात घ्यायच्या आधी तेच वाचते. सगळ्यात खालच्या ड्रॉवरखाली आत्ता एवढं लिहिलेलं आहे: "ऑगस्ट, वर अर्धा मिमी, दोन्हीकडे. मे, वर तीन मिमी, दोन्हीकडे. हात लावायचा नाही."